एका फळीतून दोन तुकड्यांची खुर्ची: आखणी, खाच आणि बैठक

ही खुर्ची एका फळीतून होते आणि तिचे भाग दोनच: पाठीची फळी आणि बैठकीची फळी. पाठीच्या फळीला खालच्या बाजूला एक आडवी खाच असते. बैठकीची फळी पुढे पूर्ण रुंदीची आणि मागे जिभेसारखी अरुंद, लांब काढलेली असते. जीभ खाचेतून मागे सारली की खुर्ची उभी राहते, ओढून काढली की काखेत मारून नेण्याजोग्या दोन सपाट फळ्या हाती उरतात. खिळा, स्क्रू, बिजागरी, डिंक यांतलं काहीच लागत नाही.

याच बांधणीच्या कोरीव खुर्च्या आफ्रिकेच्या अनेक भागांत बनत आल्या आहेत, आणि अलीकडे पुष्कळ जण तिला ‘व्हायकिंग खुर्ची’ म्हणतात. एका फळीतून खुर्ची काढायची ओढही जुनी आहे. अमेरिकेत वेस्टपोर्ट इथे थॉमस ली यांनी १९०३ साली घडवलेली बागेतली प्रसिद्ध खुर्ची एकाच फळीतून कापलेल्या ११ तुकड्यांची होती. तिचं पेटंट १९०५ मध्ये हॅरी बनेल या सुताराला मिळालं. त्या खुर्चीत बरेच सांधे आहेत, आपल्या खुर्चीत एकच आहे. त्यामुळे इथे सगळी भिस्त त्या एका सांध्यावर असते, आणि या लेखातला मोठा भागही त्यालाच दिला आहे.

माझ्या पहिल्या खुर्चीत जीभ सहज सरकावी म्हणून मी खाच चांगली ऐसपैस ठेवली होती. रिकामी खुर्ची छान दिसत होती. बसल्याबरोबर बैठक पुढून खाली गेली, पाठ मागे रेलली आणि गुडघे लांब पसरले. फळी मजबूत होती, मापंही बरोबर होती. चूक फक्त खाचेच्या उंचीत होती, तीही जेमतेम ८ मिलिमीटरची. खाच म्हणजे जीभ घालायचं नुसतं भोक, ही समजूत त्या दिवशी गेली. बैठक आणि पाठ यांच्यातला कोन खाचच ठरवते.

आधी त्रिकोण समजून घ्या

खुर्ची बाजूने पाहा. पाठीचं खालचं टोक पुढे जमिनीवर टेकलंय आणि पाठ तिथून मागे कलत वर गेली आहे. बैठकीचं पुढचं टोक उंच आहे आणि तिची जीभ खाचेतून मागे उतरत जमिनीला टेकली आहे. पाठीचा खाचेखालचा भाग, जीभ आणि जमीन या तीन रेषांचा त्रिकोण होतो. त्याचे तीन कोन म्हणजेच खुर्चीचा आराखडा.

पहिला कोन पाठ आणि जमीन यांच्यातला, दुसरा बैठकीचा उतार म्हणजे जीभ आणि जमीन यांच्यातला, तिसरा बैठक आणि पाठ यांच्यातला. तिन्हींची बेरीज १८० अंश, म्हणून दोन ठरवले की तिसरा आपोआप ठरतो. मी वापरतो ते कोन असे: पाठ ६० अंश, बैठक २० अंश, दोघांमधला कोन १०० अंश. या कोनांत पोट दबत नाही, पाठ आरामात टेकते आणि माणूस पुढे घसरत नाही. जेवायला किंवा लिहायला ही खुर्ची नाही. वाचायला, गप्पा मारायला, रात्री आकाश बघत बसायला आहे.

कोन ठरले की लांबीचं प्रमाणही ठरतं. या कोनांना जिभेची लांबी खाचेच्या जमिनीपासूनच्या अंतराच्या साधारण अडीच पट येते. खाचेची खालची कड पाठीच्या तळापासून २४ सेंमीवर घेतली, तर जीभ ६१ सेंमी. बैठक थोडी सपाट हवी म्हणून उतार १८ अंश आणि पाठ ६२ अंश केली, तर हेच प्रमाण २.८५ पटींवर जातं आणि जीभ जवळपास ६९ सेंमी होते. उलट उतार २२ आणि पाठ ५८ अंश केली तर सव्वादोन पट पुरते, जीभ ५४ सेंमीवर येते. म्हणजे बैठक जितकी सपाट मागाल तितकी मागची जीभ लांब होईल आणि फळी जास्त लागेल. १५ अंशांच्या खाली जाऊच नये. तिथे जीभ इतकी लांबते की खुर्ची उचलून नेण्यातली मजाच निघून जाते.

वजन कुठे जातं

बसल्यावर वजनाचा मोठा वाटा पाठीच्या खालच्या टोकावर येतो. जिभेच्या शेपटावर त्यामानाने थोडंच वजन पडतं. बैठकीवरचा भार तिचं पुढचं टोक खाली दाबतो, त्यामुळे जीभ मागून वर उचलली जाऊ पाहते. अशा वेळी जिभेची खालची बाजू खाचेच्या खालच्या, पुढच्या कडेवर दाबते, आणि वरची बाजू खाचेच्या वरच्या, मागच्या कडेवर. या दोन दाबांच्या चिमटीत जीभ पकडली जाते. वजन जितकं जास्त तितकी पकड घट्ट.

इथून दोन गोष्टी निघतात. एक, या दोन कडांवर दाब फार मोठा असतो, कारण सगळा पीळ फळीच्या जाडीएवढ्या छोट्या अंतरात पेलला जातो. कड नुसती टोकदार ठेवली तर ती चेपते आणि कोन हळूहळू उघडत जातो. म्हणून खाचेच्या वरच्या-खालच्या भिंती तिरक्या कापायच्या, म्हणजे जीभ कडेवर न टेकता पूर्ण पृष्ठभागावर टेकेल. दोन, बैठक पुढे चढती असल्यामुळे बसणाऱ्याचं वजन बैठकीला पुढे आणि पाठीला मागे ढकलत असतं, म्हणजे दोघींना वेगळं करू पाहतं. त्यांना धरून ठेवतं ते खाचेतलं घर्षण. म्हणून जिभेच्या खाचेत बसणाऱ्या भागाला मेण किंवा चकचकीत वार्निश कधीही लावू नका.

फळीची निवड

मोठ्या माणसासाठी फळी २ मीटर लांब, २८ सेंमी रुंद आणि ३८ मिमी जाड घ्या. बैठकीला २८ सेंमी रुंदी कमी वाटते, पण बसल्यावर पुरते. ३० मिळाली तर उत्तम.

जाडीत कंजुषी करू नका. फळीची वाकण्याविरुद्धची ताकद रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. ३८ मिमीच्या जागी २५ मिमी घेतली तर जिभेची ताकद निम्म्याहून खाली येते. मुलांच्या खुर्चीला २५ मिमी चालते, मोठ्यांसाठी ३० मिमीच्या खाली मी जात नाही. १८ मिमी प्लायवूडचा एकच थर या कामाला अजिबात नको.

पाइनसारखं हलकं लाकूड घेतलं तर तयार खुर्ची साधारण साडेआठ किलोची होते, सागाची अकरा किलोच्या आसपास जाते. उचलून न्यायची खुर्ची आहे, तेव्हा पहिल्या वेळी पाइनच घ्या. कापायला सोपं, आणि चूक झाली तर जीवही कमी हळहळतो.

फळी हातात घेऊन तीन गोष्टी पाहा. एका टोकाला डोळा लावून लांबीच्या दिशेने पाहा. थोडा बाक चालेल, पीळ चालणार नाही. पीळ भरलेल्या फळीत जीभ खाचेत तिरपी बसते आणि खुर्ची एका पायावर उभी राहते. मग गाठी बघा. पाठीच्या वरच्या भागात गाठ असली तर बिघडत नाही, पण जीभ जिथे रुंद भागाला मिळते त्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमीपर्यंत आणि खाचेच्या आसपास एकही गाठ नको. तिसरी गोष्ट लाकडातल्या रेषांची. जिभेत रेषा लांबीला समांतर धावल्या पाहिजेत. तिरक्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील तर जीभ एक दिवस त्याच रेषेवर चिरफळणार.

लाकूड वाळलेलं हवं, ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. ओल्या फळीत बेतलेली खाच वाळल्यावर भलतीच होते. वाळलेलं लाकूडही ऋतूप्रमाणे आडव्या दिशेला फुगतं आणि आक्रसतं. १० सेंमी रुंदीच्या जिभेत हा फरक एक ते दीड मिमी सहज होतो. लांबीत मात्र तो जवळपास नसतोच.

टोकाकडून फळीवरची वर्तुळं पाहा. ती कमानीसारखी, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरलेली दिसतील अशी फळी धरा, की वर आलेली बाजू सालीकडची असते. फळी वळली तर याच बाजूला खोलगट होते. म्हणून बैठकीत ही बाजू वर आणि पाठीत पुढे ठेवायची. पुढेमागे वळलीच, तर अंगाला सोयीची वळेल.

पुठ्ठ्यावर आणि जमिनीवर

लाकडाला करवत लावण्याआधी एक-पंचमांश मापाचा पुठ्ठ्याचा नमुना करा. पाठ १९ सेंमी, तळापासून खाच ४.८ सेंमीवर, बैठक ८ सेंमी, जीभ १२.२ सेंमी, रुंदी ५.६ सेंमी, जीभ २ सेंमी रुंद. पुठ्ठ्याचे थर चिकटवून जाडी साडेसात मिमीच्या जवळ न्या. अर्ध्या तासाचं काम आहे. खाच थोडी सैल-घट्ट करून पाहिली की बैठक कशी वर-खाली होते ते बोटांना कळतं. कागदावरच्या आकड्यांतून ते तितकंसं कळत नाही.

त्यानंतर मोठ्या कागदावर किंवा फरशीवर खडूने पूर्ण आकाराची बाजूची आकृती काढा. जमिनीची रेषा आखा. तिच्यावर एका बिंदूपासून ६० अंशांची पाठीची रेषा काढून त्यावर २४ सेंमीवर खूण करा. त्या खुणेपासून मागे ६१ सेंमीची रेषा जमिनीला मिळवा. कोनमापक नसला तरी अडत नाही. खाचेचा बिंदू जमिनीपासून जवळपास २१ सेंमी उंच आणि पाठीच्या टोकापासून १२ सेंमी मागे येतो. पुढचा आणि मागचा टेकू यांत ६९ सेंमीच्या आसपास अंतर पडतं. आता जिभेची रेषा पुढे वाढवून बैठकीचे ४० सेंमी मोजा.

ही ४० सेंमी स्वतःच्या मापाने तपासा. भिंतीला पाठ टेकवून बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून ५ ते ८ सेंमी वजा केलं की बैठकीची खोली मिळते. बैठक यापेक्षा खोल केली तर पुढची कड पोटरीत रुतते आणि पाय बधिर होतात.

या मापांत बैठकीचं पुढचं टोक जमिनीपासून साधारण ३८ सेंमी आणि पाठीजवळचा भाग २४ सेंमी उंच येतो. गुडघ्यांना त्रास असलेल्या माणसाला इतक्या खालून उठणं जड जातं. त्यांच्यासाठी खाच २८ सेंमीवर न्या, मग जीभ ७१ सेंमी लागेल आणि पाठही ४ सेंमी वाढवावी लागेल. फळी त्या मानाने लांब आणा.

फळीवर आखणी

टोकं बहुतेक वेळा चिरलेली असतात, तेव्हा दोन्हीकडून सेंटिमीटरभर कापून गुण्याने काटकोन करून घ्या. मग एका बाजूने पाठीचे ९५ सेंमी आणि उरलेल्यातून बैठकीचे १०२ सेंमी आखा: ४० बैठकीचे, ६१ जिभेचे, एक सेंटिमीटर शेवटी छाटायला राखून. करवतीची जाडी धरायला विसरू नका.

दोन्ही तुकड्यांवर मध्यरेषा आखा आणि आडवी मापं तिच्यापासूनच घ्या, कडेपासून नको. फळीच्या कडा क्वचितच अगदी सरळ असतात.

बैठकीवर जीभ १० सेंमी रुंद, मध्यरेषेच्या दोन्हीकडे ५-५. जीभ जिथे सुरू होते तिथल्या दोन पायऱ्यांना मी खांदे म्हणतो. खांदे पाठीला टेकतात आणि पाठ १०० अंशांवर आहे, म्हणून ते काटकोनात कापून चालत नाही. खालच्या बाजूला खांद्याची रेषा शेपटापासून ६१ सेंमीवर (अधिक राखलेला एक), तर वरच्या बाजूला ती शेपटाकडे ७ मिमी सरकवून आखा. कडेवर या दोन रेषा तिरक्या रेषेने जोडल्या की १० अंशांचा उतार मिळतो.

पाठीवर खाचेची रुंदी १०.३ सेंमी. तीन मिमीची मोकळीक फुगण्यासाठी आहे. दोन्ही बाजूंना पावणेनऊ सेंमी लाकूड उरतं, तेवढं हवंच. आता खाचेची उंची. पुढच्या बाजूला, म्हणजे पाठ टेकते त्या बाजूला, खाच तळापासून २४ सेंमीवर सुरू करा आणि ३९ मिमी उंच आखा. मागच्या बाजूला तीच ३९ मिमीची खाच ७ मिमी वर सरकवून आखा, म्हणजे २४.७ सेंमीपासून. खाच अशी पुढून मागे किंचित चढत जाते. उलटं वाटेल, कारण जीभ तर मागे उतरते. पण पाठ स्वतःच तिरपी आहे. तिच्या काटकोनाच्या हिशेबाने जीभ १० अंश वरच जाते. पूर्ण आकाराच्या आकृतीवर फळ्यांची जाडी काढून पाहिलीत की शंका राहणार नाही. ही दिशा चुकली तर पाठीची फळी वाया जाते, म्हणून पुढच्या बाजूवर पेन्सिलीने ‘पुढे’ आणि ‘वर’ असं लिहूनच ठेवा.

फळी ३८ ऐवजी वेगळ्या जाडीची असेल तर सरकवायचं माप जाडीच्या साधारण १८ टक्के धरा, आणि खाचेची उंची जाडीपेक्षा एक मिमी जास्त. ३० मिमीच्या फळीला सरक ५ मिमी, उंची ३१ मिमी.

जीभ कापणे

सुरुवात खांद्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून. तिथे जिभेच्या रेषेबाहेर, टाकाऊ भागाकडे, १० मिमीचं भोक पाडा. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. गोल भोकामुळे तो ताण पसरतो. मग शेपटाकडून लांबीच्या दोन कापण्या भोकापर्यंत आणा. हातकरवत असेल तर लांबीच्या दिशेने कापणारे मोठे दाते असलेली घ्या. वर्तुळाकार करवत यंत्र वापरत असाल तर भोकाच्या चार-पाच सेंमी आधीच थांबा आणि उरलेलं हाताने कापा, कारण यंत्राचं पातं खालून-वरून सारखं कापत नाही. शेवटी खांदे तिरके कापा. रेषेच्या बाहेर एक मिमी ठेवून कापा आणि धारदार पटाशीने रेषेवर आणा.

दोन्ही बाजूंनी ९-९ सेंमी रुंद, ६१ सेंमी लांब अशा दोन पट्ट्या निघतील. टाकू नका, त्यांचं काम पुढे येतं.

खाच

इथे घाई नको. दिवसाचं काम आहे असं मनाशी धरा.

आधी जिभेची प्रत्यक्ष जाडी मोजा. रंधा मारून ती ३६ झाली असेल तर आखणीतले ३९ बदलून ३७ करा. मग टाकाऊ भागात ड्रिल किंवा गिरमिटाने भोकांची रांग पाडा. दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींपासून सरकलेल्या असल्यामुळे आरपार मोकळी जागा फक्त ३२ मिमीच्या आसपास आहे. २५ मिमीचं पातं असेल तर मध्यातून चार भोकं पुरतात. खाली टाकाऊ लाकूड दाबून धरा, नाहीतर मागची बाजू फाटते.

उरलेलं पटाशीने. अर्धी जाडी पुढून, अर्धी मागून, नेहमी रेषेपासून आत. खाचेच्या वरच्या-खालच्या भिंती लाकडातल्या रेषांना आडव्या कापायच्या असतात, तेव्हा आधी धारदार सुरीने आखणीवर खोल रेघ ओढा. ती रेघ पटाशीला भिंतीसारखी अडवते आणि पृष्ठभागावरचे रेषे उखडत नाहीत. भिंतींचा उतार तपासायला उरलेल्या लाकडाचा १० अंशांचा छोटा पाचर कापून घ्या. पटाशीची पाठ त्याला टेकवून चालवली की हात चुकत नाही. आजूबाजूच्या उभ्या भिंती सरळ काटकोनात असतात, त्या कानसेने साफ होतात.

मोजून थोडं कमीच कापा. जीभ सुरुवातीला जाणार नाही. तिच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागावर पेन्सिल घासा, घालून पाहा, काढा. खाचेत जिथे काळं लागलं तिथलं पातळ सोलून काढा. पाच-सहा वेळा केलं की जीभ हाताच्या जोराने, पण न ठोकता, जायला लागते. तिथेच थांबा. ही जागा अर्धा मिमी जास्त सैल झाली तरी पाऊण अंशाचा फरक पडतो.

पहिल्यांदा उभी करताना

सपाट जमिनीवर खुर्ची जोडा. आत्ता पाठीची फक्त मागची खालची कड टेकलेली दिसेल, कारण टोक काटकोनात कापलेलं आहे. कागदाच्या चौकोनी तुकड्यांनी खालची फट मोजत बसण्यापेक्षा एक सपाट पट्टी जमिनीवर ठेवून तिच्यावर पेन्सिल आडवी धरा आणि दोन्ही कडांवर जमिनीला समांतर रेघ ओढा. त्या रेघेवर कापलं की तळ सपाट बसतो. पुढची कड जवळपास तशीच राहते, मागून २२ मिमी निघतं. जिभेच्या शेपटाला एवढं करायची गरज नाही. राखलेला सेंटिमीटर छाटा आणि खालची कड रंध्याने बोथट करा.

मग पाठीच्या तळाला मध्ये १२ सेंमी रुंद आणि ३ सेंमी उंच अशी कमान कापा. दोन्ही कोपऱ्यांना दोन पाय उरतात, तिसरा पाय जिभेचा. तीन पायांची वस्तू खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही. मैदानात, वाळूवर, अंगणात नेताना याची किंमत कळते. पाठीची रुंदी तळाशी अजिबात कमी करू नका. बाजूला कलंडण्यापासून तीच वाचवते, कारण मागचा टेकू फक्त १० सेंमीचा आहे.

वरचा भाग मात्र हवा तसा घडवा. वरचं टोक गोलसर कापा, खांद्यांच्या जागी थोडं निमुळतं करा. टोकापासून ६ सेंमी खाली १० सेंमी लांब आणि ३ सेंमी उंच हातपकड पाडा. खाचेपासून वर पाठ ६७ सेंमी उरते, त्यामुळे हातपकड अशी टोकाजवळ पाडली तर मणक्याला टोचत नाही. डोकं टेकवायला हवं असेल तर सुरुवातीलाच पाठ दहा-पंधरा सेंमी लांब धरावी लागते.

बैठकीची पुढची कड चांगली गोल करा, बोटाच्या जाडीएवढी. बाकी सगळ्या कडा नुसत्या मोडा. खाचेच्या तोंडाच्या कडा मात्र जवळपास तशाच ठेवा. त्या गोल केल्या की टेकण्याची जागा कमी होते आणि बैठक खाली येते. ही चूक शेवटच्या घासकामात हमखास होते, कारण पॉलिशपेपर हातात असला की सगळंच गुळगुळीत करावंसं वाटतं.

खुंटी

घर्षण पुरेसं असतं, पण जोडलेली खुर्ची उचलली की पाठ आणि बैठक वेगळी होऊन पायावर पडू शकते. म्हणून उरलेल्या पट्टीतून १२ मिमी जाडीची, १२ सेंमी लांब खुंटी तासा. खुर्ची जोडून, बसून, सांधा पूर्ण बसला की पाठीच्या मागच्या बाजूला लागून जिभेच्या मध्यरेषेवर वरून आरपार भोक पाडा. भोक पाठीत एक मिमी घुसेल इतकं पुढे ठेवलं तर खुंटी सांधा किंचित ओढून धरते. जिभेच्या कडेजवळ भोक पाडू नका. मध्यावर एक छोटं भोक ताकदीला फारसं जड जात नाही, कडेला पाडलेलं चिरेला आमंत्रण असतं.

तेल

१२० आणि नंतर १८० नंबरचा पॉलिशपेपर पुरतो. त्यानंतर उकळलेलं जवसाचं तेल कापडाने चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, दिवसभर वाळू द्या. असे तीन हात. पाठीचा तळ आणि शेपटाचं टोक यांना जास्त तेल पाजा, कारण आडवं कापलेलं टोक जमिनीतलं पाणी इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त शोषतं. खाचेच्या भिंती आणि जिभेचा तिथला भाग यांना एक पातळ हात देऊन कोरडं पुसा.

तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात कधीच टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेल्या फडक्यात ती साठून ते आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

बसून पाहणे आणि दुरुस्ती

पहिल्यांदा थेट बसू नका. पाठीवर एक हात ठेवून बैठकीवर दुसऱ्या हाताने जोर द्या, मग कोणाला तरी शेजारी उभं करून सावकाश बसा. दोन-तीन करकर आवाज येतील, ते सांधा बसण्याचे. दहा मिनिटं बसून उठा आणि खांद्यांच्या कोपऱ्यांत, खाचेच्या चारही कोपऱ्यांत चीर दिसते का ते बघा.

बैठक पुढून खाली गेली असेल तर खाच उंच झाली आहे. उरलेल्या पट्टीतून खाचेच्या रुंदीची पातळ चीप काढून वरच्या भिंतीला डिंकाने चिकटवा आणि पुन्हा पेन्सिलीने बसवून घ्या. मी पहिल्या खुर्चीला हेच केलं, ती अजून वापरात आहे. बैठक फार चढलेली वाटली तर खालची भिंत पुढून थोडी सोला. कोनात चूक नसून एकूणच मागे फार रेलल्यासारखं वाटत असेल, तर पाठीचा खाचेखालचा भाग जिभेच्या मानाने लांब राहिला आहे. मग शेपूट दोन-तीन सेंमी छाटलं तर मदत होणार नाही, उलट आणखी मागे जाल. पायांखाली चकत्या लावून पुढचं टोक उंच करूनही पाठ मागेच कलते. अशा वेळी शेपटाखाली एक पट्टी जोडून मागची बाजू उचला, पाठ उभी होते.

एक मर्यादा आधीच ओळखून घ्या. पुढचा टेकू पाठीपासून फक्त १२ सेंमी पुढे आहे, बैठक ४० सेंमी. बैठकीच्या अगदी पुढच्या कडेवर कोणी टेकलं तर खुर्ची पुढे उलटते. बसायची रीत अशी: पाठ खुर्चीला लागेपर्यंत मागे जा आणि मग रेला. उठताना पाय जवळ घेऊन पुढे झुका. लहान मुलं बैठकीच्या टोकावर उभी राहतात. त्यांना पहिल्याच दिवशी हे नीट दाखवून द्या.

नेताना

जीभ काढा, बैठक पाठीवर उताणी ठेवा, हातपकडीतून आणि खाचेतून एक पट्टा ओवून दोन्ही फळ्या बांधा. जाडी ८ सेंमीच्या आत राहते. खुंटी हरवायची हीच वेळ असते. तिच्या डोक्याला भोक पाडून वीतभर दोरीने ती हातपकडीलाच बांधून टाका, आणि उरलेल्या पट्टीतून आणखी एक तासून घरी ठेवा.